ॲनला एवढी रडकी कुणी केली?

मृद्गंधा:
परवा एका वाचकांच्या ग्रुपवर एकाने भलीमोठी पोस्ट टाकली. सार असं, की 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' हे नुसतं गोडगोड पुस्तक आहे, अनाथ मुलीचं खरं दुःख लिहायची हिंमत १९०८ साली माँटगोमेरीबाईंकडे नव्हती, ती नेटफ्लिक्सवरच्या 'ॲन विथ ॲन ई'ने दाखवली, तर मुलींना पुस्तक देऊ नका, सिरीज दाखवा. खाली बदामांचा पाऊस. तिथे लिहिलं असतं तर भांडण झालं असतं म्हणून इथे लिहितेय.

या माणसाने पुस्तक उघडलंय तरी का? पाचवं प्रकरण काढा. मॅथ्यू आणि मरिला या भावाबहिणीला मुलगा हवा होता, आली ॲन, म्हणून मरिला तिला परत पाठवायला घेऊन निघालीये आणि वाटेत ॲन आपली कहाणी सांगते, आईबाप तापाने गेले, मग थॉमसबाईंची पोरं सांभाळली, मग हॅमंडबाईंची, त्यांना तर तीनदा जुळी, मग अनाथाश्रम. मरिला विचारते, त्या बायका तुझ्याशी चांगल्या वागायच्या का गं? पोरीचा चेहरा लाल होतो, अडखळते, आणि म्हणते की त्यांच्या मनात तसं होतं. बस. मरिला पुढे काही विचारत नाही, कारण तिला कळलेलं असतं. वाचणाऱ्यालाही कळतं, जर वाचत असेल तर! सिरीजला हे पुरत नाही, मारहाणीचे फ्लॅशबॅक, किंचाळ्या, निळसर अंधार, सगळं दाखवायलाच हवं.

आणि मॅथ्यू. पुस्तकात बँक बुडाल्याची बातमी वाचून दारात कोसळतो, आणि ॲनला दिवसभर रडूच येत नाही, रात्री एकटी असताना येतं. सिरीजवाल्यांनी त्याला पहिल्याच सीझनमध्ये आत्महत्येच्या काठावर नेला, आणि पुढे तीन सीझन संपले तरी गडी ठणठणीत. मला १९८५च्या मालिकेतली ॲन आणि मरिला, म्हणजे मेगन फॉलोज आणि कॉलीन ड्यूहर्स्ट, पुरे आहेत.

तिखटमीठ:
आले १९८५वाले. ताई, ज्या सलिव्हनची ती मालिका, त्याच्याच कंपनीने २००० साली तिसरा भाग काढला, पाहिलाय का? त्यात ॲन पहिल्या महायुद्धात नवऱ्याला, गिल्बर्टला, शोधत युरोपभर फिरते. पुस्तकात युद्धावर जातात तिची मुलं, गिल्बर्ट तोवर पन्नाशीचा डॉक्टर झालेला असतो. तेव्हा कुठे गेला होता तुमचा पुस्तकाभिमान? की लोकरीची शाल आणि पियानो असला की सगळं माफ?

बरं, नव्या सिरीजने काय गुन्हा केला? त्रिनिदादहून आलेला काळा बॅश आणला. ॲनच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर, शार्लटटाउनला, 'द बॉग' नावाची काळ्या लोकांची वस्ती खरोखर होती, पुस्तकात ती माणसं आहेत का? काक्वेट नावाची मिकमॉ आदिवासी मुलगी आणली, तिला निवासी शाळेत डांबलं, म्हणजे आदिवासी पोरांना घरापासून तोडून ठेवायचे त्या शाळेत. हे कॅनडात झालंय. लहानपणी आपल्याला आवडलं म्हणून पुस्तक पवित्र होत नाही.

मृद्गंधा:
तिसरा भाग मी बघितलाच नाही, त्यामुळे माझं मन शुद्ध आहे. आणि इतिहास काढलाच आहात तर पूर्ण काढा, त्या भागातली निवासी शाळा होती नोव्हा स्कोशियात शुबेनाकडीला, ती सुरू झाली १९३० मध्ये. सिरीजचा काळ १८९०चं दशक. म्हणजे त्या पोरीला त्यांनी बांधून व्हायच्या आधीच शाळेत घातली. वर सिरीज बंद पडली आणि ती बिचारी तिथेच अडकली, आईबाप बाहेर रडतायत, इकडे ॲन-गिल्बर्टचं चुंबन, शेवट गोड. हा न्याय?

तिखटमीठ:
बाकी कॅनडात तेव्हा अशा शाळा चालू होत्या, जागा इकडेतिकडे झाली म्हणून अन्याय खोटा ठरत नाही. आणि सिरीज चॅनलने बंद केली, त्याचं बिल लेखिकेवर फाडू नका.

टोरांटोकर:
आम्ही आईबाबांना घेऊन ॲनच्या बेटावर, माँटगोमेरीबाईंच्या कॅव्हेंडिशला गेलो होतो. माती लालभडक, आईला थेट राजापूर आठवलं, दिवसभर तेच पुराण. दुकानात लाल वेण्या लावलेल्या गवती टोप्या मिळतात, बाबांनी पण घालून फोटो काढला. असो, मुद्दा असा की तुम्ही दोघंही ज्यावर भांडताय त्या दोन्ही मालिकांचं बरंचसं शूटिंग आमच्या ऑन्टारियोत झालंय. तिसरा पर्याय सांगतो, ताकाहाताचं १९७९चं जपानी ॲनिमेशन, पन्नास भाग. ॲन स्टेशनवर वाट बघते तर खरंच वाट बघते, घाई नाही. पुस्तकाला त्याच्याइतकं कुणीच जागलेलं नाही.

बांधावरचा:
सगळं वाचलं. एक विचारू का, राग मानू नका. खेड्यातल्या मुलीचं बालपण म्हणून ज्याला तुम्ही उराशी धरून बसलाय त्यात खेडं किती आहे? ही पोरगी चेरीच्या झाडाला नाव देते, तळ्याला नाव देते, फुगीर बाह्यांसाठी झुरते. शेतात घाम कोण गाळतं? जेरी बूट, फ्रेंच गडी. पुस्तकभर त्याचं नाव येतं ते चुलीसाठी लाकडं, घोडा, निरोप एवढ्यापुरतं. मरिला फ्रेंच पोरांबद्दल काय बोलते तेही वाचा.

आमच्याकडे मी दहावीपर्यंत शेण काढून, धारा काढून शाळेत जायचो, अंगाला वास यायचा म्हणून मागच्या बाकावर. माझी बहीण सातवीला थांबली, कारण घरी धाकटी तिघं होती आणि आई रोजाला जायची. हॅमंडबाईंची जुळी वाचून तुम्हाला गलबलतं, मला ती रोजची गोष्ट वाटली.

खरं वाचायचं तर अमेरिकेतल्या लॉरा इंगल्स वाइल्डरची 'लिटल हाऊस' पुस्तकं वाचा, तिच्याच बालपणावरची. डुक्कर मारलं की त्याच्या मूत्राशयाचा फुगा करून पोरी खेळतात. हिवाळ्यात लोणी पांढरं पडतं म्हणून आई गाजर किसून दुधात शिजवते आणि तो रंग सायीत घालते. 'द लाँग विंटर'मध्ये कोळसा संपतो तर गवताचे पीळ वळून जाळतात, हात सोलवटतात, आणि गहू कॉफीच्या गिरणीत आळीपाळीने दळत बसतात. याला म्हणतात काम.

तिखटमीठ:
आणि ते काम चाललंय कुणाच्या जमिनीवर? 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी'तली जमीन ओसेज आदिवासींची, हे घुसलेले. १९३५च्या आवृत्तीत चक्क लिहिलं होतं की तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन राहायचे. वाचकाने कळवल्यावर १९५३ मध्ये वाक्य बदललं. २०१८ मध्ये अमेरिकन ग्रंथपालांनी त्यांच्या बालसाहित्य पुरस्कारावरून बाईंचं नावच काढलं. घ्या तुमचं खरं खेडं.

बांधावरचा:
वाटच बघत होतो याची. शेतकरी दिसला की त्याला आधी सातबारा मागायचा. तुमच्या आजोबांची जमीन कुठून आली होती, विचारू का?

तिखटमीठ:
विचारा ना. होती ती पण कूळकायद्यात गेली. १ एप्रिल १९५७ला सकाळी उठले तर मालक नव्हते. आजी मरेपर्यंत त्या आंब्यांची नावं घ्यायची, प्रत्येक झाडाचं.

बांधावरचा:
आमच्या आजोबांना त्याच कायद्यात दीड एकर मिळाली. तीन पिढ्या तीच जमीन कसत होतो, खंड भरत होतो. झाडांची नावं आमच्या आजीला पण पाठ होती, पाणी तीच घालायची.

तिखटमीठ:
म्हणजे आता आम्ही घुसखोर? छान.

बांधावरचा:
मी म्हटलं नाही. तुम्हीच ओसेज काढलेत.

जुनीपानं:
अहो कूळकायद्याला वेगळा धागा काढा, मीही येते, आमची पण केस आहे अजून चालू. लिटल हाऊसवरून आठवलं, टीव्हीवरच्या मालिकेत मायकल लँडनने लॉराच्या बापाची, चार्ल्स इंगल्सची, पाच वर्षांत दाढीच उडवली, खऱ्या माणसाला केवढी दाढी होती! वर आल्बर्ट नावाचा मुलगा दत्तक घेतला, जो पुस्तकात औषधाला नाही. शेवटी १९८४ला अख्खं गाव सुरुंग लावून उडवलं. तेव्हा मात्र सगळे डोळे पुसत बघत होते. बदल चालतात हो, आपल्या लहानपणी केलेले चालतात.

मनीची_आई:
पाच वर्षांत नाही, पहिल्याच दिवसापासून दाढी नव्हती, एवढं सुधारा. माझ्या लेकीने आधी सिरीज बघितली आणि मग पुस्तक मागितलं. मॅथ्यू गेला तिथे पुस्तक फेकलं आणि माझ्याशी बोलेना, "तू सांगितलं का नाहीस" म्हणून. मृद्गंधाताई, तुमच्या बाजूने म्हणाल तर सिरीजच्या मारहाणीला ती एकदाही रडली नव्हती. तिखटमीठ, तुमच्या बाजूने म्हणाल तर सिरीज नसती तर तिने ते जाडजूड पुस्तक हातात धरलं नसतं. आता घ्या वाटून.

मृद्गंधा:
लेकीला माझ्याकडून एक चॉकलेट. बांधावरचे, जेरीचं बोललात ते मला झोंबलंय. सिरीजने त्याला घर दिलं, भावंडं दिली, ॲनने त्याला वाचायला शिकवलं, हे त्यांचं काम चांगलं आहे. फक्त तेवढं. किंचाळ्या, बंदूक आणि निळा अंधार यावर मी एक इंच हलणार नाही, आणि २००० सालचा तिसरा भाग या घरात लागणार नाही.

तिखटमीठ:
"हे त्यांचं काम चांगलं आहे." स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, त्या ग्रुपवर टाकतोय.