दुकानातल्या पोरींना बसायला स्टूल द्या असा कायदा आपल्याकडे हवा का?

कसबेकर
केरळने 2018 मध्ये आपल्या दुकान कायद्यात दुरुस्ती केली आणि दुकानात काम करणाऱ्यांना बसायची सोय दिलीच पाहिजे असं लिहून टाकलं. 2021 मध्ये तामिळनाडूनेही तेच केलं. केरळात हे आपोआप नाही झालं, कोळिकोडला पी. विजी म्हणून शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्यांनी तिथल्या मिठाई गल्लीतल्या सेल्सवुमनना गोळा करून पेनकूट्टू नावाची संघटना काढली, आधी टॉयलेटसाठी भांडल्या मग बसण्यासाठी. आपल्याकडे लक्ष्मी रोड, हिंदमाता, नाशिकचा मेनरोड, कुठेही जा, गिऱ्हाईक नसलं तरी पोरी सकाळपासून रात्री दुकान वाढवेपर्यंत उभ्याच. आपला 2017 चा दुकान कायदा आला तेव्हा त्यात सलग पाच तास काम झालं की अर्धा तास सुट्टी लिहिली होती, पण सुट्टी होईपर्यंतच्या तासांत बूड टेकायचं की नाही हे सगळं मालकाच्या मर्जीवर. माझं म्हणणं सरळ आहे, कायदा हवा आणि तोही लहान दुकानांसकट. विरोध असेल त्यांनी कारण सांगा.

गल्ल्यावरचा
विरोध आहे आणि कारणही आहे. माझं रेडीमेडचं दुकान आहे, शेल्फ आणि काउंटर यांच्या मधे दोन फूट जागा, त्यात तीन पोरी इकडून तिकडे फिरतात. तिथे तीन स्टुलं कुठे ठेवू, डोक्यावर? एक पोरगी वरच्या फळीवरून माल काढताना दुसरीच्या स्टुलाला अडखळून पडली तर दवाखाना मलाच करावा लागणार. आणि कसबेकर तुम्ही पगारदार माणूस वाटता, शनिवार संध्याकाळी काउंटरला या एकदा, बसायला वेळ कुणाला असतो? दुपारी गर्दी नसते तेव्हा माझ्या पोरी मागे गोणीवर बसतात, मी कधी काही बोललो नाही. माणुसकीने चाललंय त्यात इन्स्पेक्टर कशाला घुसवता, तो येणार, स्टुलं मोजणार आणि पाकीट घेऊन जाणार.

काउंटरपलीकडे
दादा तुम्ही बोलत नसाल, चांगलं आहे. मी ज्या साड्यांच्या शोरूमला होते तिथे सीसीटीव्ही होता आणि कुणी टेकलेलं दिसलं की वरून फोन यायचा, "तीन नंबर काउंटर, उभ्या राहा". गिऱ्हाईक एकही नाही, एसी चालू, आम्ही सात जणी खांबासारख्या. भिंतीला पाठ टेकली तरी ओरडा. टॉयलेट तळघरात, तिथे जायलाही विचारावं लागायचं म्हणून बऱ्याच जणी पाणीच कमी प्यायच्या. संध्याकाळी चपलेचा पट्टा लागत नसे इतके पाय सुजायचे. माणुसकीवर सोडलं की प्रत्येक दुकानात वेगळी माणुसकी मिळते एवढंच म्हणते.

खडूस_काकू
सगळं खरं पण गिऱ्हाईक म्हणून आपण कसे वागतो ते कोण बोलणार? पोरगी बसलेली दिसली की "काय गं, दाखवायचा कंटाळा आलाय का" असं म्हणणाऱ्या बायका मी डोळ्यांनी बघितल्यात, पन्नास साड्या उघडायला लावायच्या आणि एकही घ्यायची नाही, वर ही अपेक्षा. मालक काय आभाळातून पडत नाही, तो आपल्याला बघूनच नियम करतो. कायद्याने गिऱ्हाईकाची नजर बदलते का?

कसबेकर
काकू, नजर आधी बदलायची वाट बघितली तर ब्रिटनमध्येही काही झालं नसतं. तिथे 1899 साली दुकानातल्या बायकांना बसायला जागा द्यावी असा कायदा झाला, दर तीन बायकांमागे एक आसन. तिथेही तेव्हा सेल्सगर्लने गिऱ्हाईकासमोर बसणं उद्धटपणाच समजत असत. एका जागेवर तिघी, म्हणजे फार काही दिलं नव्हतं, पण सुरुवात कायद्यानेच झाली.

सांगलीचा_फिजिओ
थोडं वैद्यकीय बोलतो. त्रास उभं राहण्याचा कमी आणि हलता न येण्याचा जास्त. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात, चालताना ते आवळतात आणि शिरा पिळल्या जातात. एका जागी ताटकळत उभं राहिलं की हा पंप बंद, रक्त खाली साचतं, शिरांमधल्या झडपांवर ताण येतो, मग घोट्याला सूज आणि काहींना पुढे शिरा फुगणं, व्हेरिकोज व्हेन्स. टाचा आणि कंबर वेगळीच. गरोदर बाईला हे जास्त बाधतं.

पण दुसरी बाजूही ऐका. दिवसभर बसून राहणं हा काही उपाय नाही, आयटीवाले माझ्याकडे कमी येत नाहीत. शरीराला हवा तो बदल, थोडं बसा थोडं उभं राहा थोडं चाला. त्यामुळे "बसायचा हक्क" असं म्हणण्यापेक्षा हालचालीची मोकळीक मागा.

गल्ल्यावरचा
म्हणजे डॉक्टरसाहेबांनी माझीच बाजू मांडली. माझ्या पोरी दिवसभर हलतातच की, शेल्फपासून काउंटर, काउंटरपासून ट्रायल रूम.

सांगलीचा_फिजिओ
नाही हो, सोयीचं तेवढंच वाचलंत. दोन फुटांच्या बोळात चार पावलं इकडे चार तिकडे, याला चालणं म्हणत नाहीत. आणि ती गोणी! गोणीवर बसलं की गुडघे पोटाशी येतात, उठताना कंबरेवरच जोर येतो.

जुनंतेसोनं
यावरचा उपाय आपल्या आजोबांकडे होता. गादीची दुकानं! पांढरी चादर, लोड, गिऱ्हाईक पण खाली आणि विकणारा पण खाली, चहा यायचा, तासभर साड्या बघितल्या जायच्या. काचेचे काउंटर आणले, मॉल आले आणि बसणं गेलं. येवल्याला पैठणी बघायला जा, अजून काही ठिकाणी गादी आहे. कायदा नको, गाद्या परत आणा.

काउंटरपलीकडे
त्या गादीवर पण काम केलंय मी काका. मांडी घालून पुढे वाकायचं, हात लांब करून साडी फेकायची, परत ओढून घडी घालायची, सगळं कंबरेतून. गिऱ्हाईकाला लोड असतो, विकणाऱ्याला कुठे असतो? गुडघे इतके धरायचे की उठताना काउंटरवालीचा हेवा वाटायचा.

चाकणचा_सेफ्टीवाला
मी कारखान्यात सेफ्टी बघतो. आमच्याकडे नोव्हेंबर 2025 पर्यंत फॅक्टरी अ‍ॅक्ट 1948 होता, त्याच्या कलम 44 मध्ये उभं राहून काम करणाऱ्या कामगाराला बसायची सोय द्या असं लिहिलेलं होतं. म्हणजे दुकानवाले मागतायत ते कारखान्यात कागदावर केव्हाचं आहे. पण मी कसबेकरांच्या पूर्ण बाजूने नाही. आमच्याकडेही नुसतं स्टूल दिलं त्या ठिकाणी ते कोपऱ्यात पडून राहिलं, फायदा तिथे झाला जिथे कामाची उंची मोजून बदलली.

दुकानाचंच घ्या. काउंटर साधारण 36 इंचाचा आणि स्टूल आणणार 18 इंचाचं प्लास्टिकचं. त्यावर बसली की पोरगी काउंटरमागे दिसेनाशी होते, हात वर पोचत नाही, म्हणून गिऱ्हाईक आलं की तिला उठावंच लागतं आणि मालकाला वाटतं ती लपून बसलीय. या काउंटरला सीट हवी 24 ते 26 इंच आणि खाली पाय टेकायला दांडी. मग बसूनही डोळे गिऱ्हाईकाच्या जवळपास पोचतात, घडी घालता येते, बिल करता येतं. जागा नसेल तर भिंतीला बिजागरीवर घडीची सीट बसवा, सुतार करून देतो. उभ्याने हलकं काम असेल तर टेबल कोपराच्या 5 ते 10 सेंमी खाली असावं हा ढोबळ नियम, त्यामुळे पाच फुटी आणि पावणेसहा फुटी माणसाला एकच काउंटर दिला की एकाची कंबर किंवा एकाचा खांदा जाणार. जिथे सतत उभं राहावं लागतं तिथे जाड रबरी मॅट टाका, नुसत्या ग्रॅनाइटवर उभं राहण्यापेक्षा पायाला बरं. कायद्यात हे काहीच येणार नाही. कायदा म्हणणार "योग्य आसन", दुकानदार 18 इंची आणून फोटो काढून ठेवणार.

नियमावली
एक कायदेशीर खुलासा. नवीन कायदा कशाला हवा, केंद्राचा कामगार सुरक्षा आणि आरोग्याचा 2020 चा कोड नोव्हेंबर 2025 पासून लागू झालाय, त्यात उभं राहून काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय आहे आणि तो फक्त कारखान्यांपुरता नाही. राज्याने परत वेगळं लिहायची गरज नाही, आहे ते अमलात आणा.

कसबेकर
नियमावली, तो कोड साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे लागतो. आपला 2017 चा राज्याचा कायदा आला तेव्हा त्यातही दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून सोडलं. गल्ल्यावरचा दादांकडे तीन पोरी आहेत. बाजारपेठेत अशीच दुकानं जास्त दिसतात, मग त्या पोरींनी कुठलं कलम दाखवायचं?

स्टुटगार्टचा_पाटील
इथे सुपरमार्केटात कॅशियर बसूनच काम करतात, आल्डी असो नाहीतर दुसरं कुठलं. फिरती खुर्ची, समोर पट्टा, माल आपोआप सरकत येतो. आणि त्यांचा वेग बघा, आपली पिशवी भरून होईपर्यंत मागच्याचं बिल झालेलं असतं. बसलं की काम मंदावतं हे डोक्यातून काढा. खांदे दुखतात अशी त्यांचीही तक्रार असते, डॉक्टर म्हणतात तेच, एकाच पोझिशनमध्ये अडकलं की काहीतरी दुखणारच.

गल्ल्यावरचा
जर्मनीत कॅशियरचा पगार किती, दुकानाचं भाडं कोण भरतं, ऑनलाइनवाल्यांनी धंदा किती खाल्ला, हे पण सांगा पाटील. इथे माझं मार्जिन बघा मग खुर्च्या सांगा. आणि इतकाच कळवळा असेल तर तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला कसली खुर्ची दिलीय ते बघा जरा सगळ्यांनी. मोडका पाय आणि विटांचा टेकू. दुकानदार तेवढा दिसतो सगळ्यांना.

खडूस_काकू
वॉचमनचं मात्र बरोबर बोललात. आमच्याकडे मीटिंगमध्ये मुद्दा आला तर एक गृहस्थ म्हणाले चांगली खुर्ची दिली की तो झोपतो. बारा तास ड्यूटी, झोपणार नाही तर काय करणार.

काउंटरपलीकडे
गल्ल्यावरचा दादा, मार्जिनचं समजतं. पण चाकणवाल्यांनी सांगितली ती घडीची सीट, पट्टी, दोन बिजागऱ्या आणि फळी, ती काही भाड्याएवढी महाग नाही. तुमच्या दुकानात करून बघणार का? कायदा राहू दे बाजूला, तीन नको एकच लावा.

गल्ल्यावरचा
सुताराला विचारतो. पण 26 इंचावर बिजागरी लावली तर खालचे ड्रॉवर उघडणार नाहीत, तिथे सगळा अंडरगारमेंटचा माल आहे. चाकणवाले, त्याचं काय करायचं ते सांगा.

चाकणचा_सेफ्टीवाला
ड्रॉवरचं माप आणि काउंटरचा फोटो टाका. शेल्फच्या बाजूला एखादी उभी पट्टी रिकामी असेल तर सीट तिकडून काढू, ड्रॉवरला हात लागणार नाही.