मदत हवी आहे: बोर्सो देस्तेच्या बायबलमधलं कुंपण आणि भोपळा

नमस्कार मंडळी,

मी सुलेखन शिकते. सध्या बोर्सो देस्तेच्या बायबलने वेड लावलंय. इटलीतल्या फेर्राराचा हा सत्ताधीश. त्याने १४५५ ते १४६१ या काळात तादेओ क्रिवेल्ली, फ्रांको देई रुस्सी आणि त्यांच्या हाताखालच्या चित्रकारांकडून हे हस्तलिखित सचित्र बायबल करून घेतलं. दोन खंड, चर्मपत्राची सहाशेहून जास्त पानं, हजारावर चित्रं! मूळ प्रत मोदेनाच्या एस्तेन्से ग्रंथालयात आहे, स्कॅन ऑनलाइन बघता येतात.

एका पानाचा समास, म्हणजे कडेची नक्षी, हाताने उतरवून काढायचाय, पण दोन ठिकाणी अडलेय.

वेलबुट्टीत मध्येच एक लाकडी कुंपण येतं, त्याला भोपळा टांगलेला. दुसरीकडे खजुराच्या झाडाखाली एकशिंगी घोडा पाण्यात शिंग बुडवतोय. बायबलच्या गोष्टीत हे कुठेच सापडत नाही. मग इथे कसं?

दुसरं, सोनं. काही जागी आरशासारखं चकाकतं, तर बारीक रेघांत मंद दिसतं. दोन्हीकडे वर्खच असेल का?

प्रतिसाद

ताई, ती दोन्ही बोर्सोची स्वतःची चिन्हं. पो नदीच्या दलदलीत बांध घालून त्याने जमीन कोरडी करून घेतली. कुंपण म्हणजे तो बांध, भोपळा पाण्याची पातळी मोजायला. एकशिंगी घोडा शिंगाने पाणी शुद्ध करतो अशी तिकडची समजूत. म्हणजे देवाच्या शब्दाभोवती राजाने आपलं काम मांडलंय. १४७१ मध्ये पोपकडून फेर्राराचा ड्यूक हा किताब घ्यायला तो रोमला गेला, तेव्हा हे बायबल बरोबर नेलं होतं. त्याच वर्षी तो वारला.

सोन्याचं म्हणाल तर त्या काळी दोन्ही रीती होत्या. चकाकी हवी तिथे खडूसारखा लेप देऊन जागा किंचित उंच करायची, वर्ख बसवायचा आणि अकीक दगडाने किंवा जनावराच्या दाताने घोटायचा. बारीक रेघांना सोन्याची पूड गोंदात कालवून कुंचल्याने लावायची. ती शिंपल्यात ठेवत. स्कॅन मोठा करून बघा, लेपावरच्या वर्खाला कडेला तडे दिसतात.

धागालेखिका

खूप खूप आभार! आत्ताच पान उघडलं. उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाच्या, पहिल्या पानावर तडे शोधतेय. अकीकाचा घोटा पुण्यात कुठे मिळेल, हे कुणाला माहीत आहे का?