गोफणीचा दगड उंच सोडला तं लांब जाते, मंग गोल्फचा बॉल कायले नाही?

गोफणवाला_समुद्रपूर
राम राम मंडळी. दोन महिने झाले नागपूरजवळच्या एका गोल्फ कोर्सवर गवत कापायच्या मशीनवर लागलो. लहानपणी ज्वारीवरचे पाखरं हाकलाले गोफण फिरवायचो, दगड चांगला उंच सोडला की पार नाल्यापलीकडं. इथं साहेब लोक ड्रायव्हर (लांब मारायची काठी, क्लब) मारतात तं बॉल आधी खालूनच निघते अन् मधातच वर चढते, जसं कोनी खालून उचलून राहिलं. परवा मलेबी एक मारू देला, म्या जोर लावून आभाळात घातला तं 120 यार्डावर धपकन पडला, सगळे हासले. शाळेत तं 45 अंश सांगतलं होतं ना?

खडू_फळा
भाऊ, ते 45 चं गणित हवा नाहीच असं धरून आहे. गोफणीचा दगड जड अन् त्या मानानं हळू, तिथं उंच सोडणं बरंचसं जमते. गोल्फचा बॉल 46 ग्रॅमचा, अन् पीजीए टूरवाले (अमेरिकेतले पैशासाठी खेळणारे मोठे खेळाडू) तो ताशी 270 किमीच्या आसपास सोडतात, एवढ्या स्पीडला हवा त्याले लय अडवते. पण बॉल उलटा फिरत असते (हेच बॅकस्पिन), मिनिटाले अडीच हजाराहून जास्त चक्कर, त्यानं हवा खाली ढकलल्या जाते अन् बॉल वर. सुरुवातीले हे उचलणं बॉलच्या वजनाहून जास्त भरते, म्हणून तो मधात चढताना दिसते, तुझे डोळे बरोबर आहेत. उचलायचं काम बॅकस्पिन करून राहिली तं अँगलनं कायले करायचं? त्यांचा लाँच अँगल (बॉल निघते तो कोन) सरासरी 11 अंशाच्या जवळ, अन् कॅरी (हवेतून जाते ते अंतर) 275-280 यार्डाच्या आसपास.
एडिनबर्गचे प्रोफेसर टेट होते, त्यांनी 1890 च्या दशकात बॉलले लांब फीत बांधून मारायले लावला अन् फितीले किती पीळ पडले ते मोजले. चऱ्हाट वळल्यासारखं! पोरांना दरवर्षी सांगतो मी हे.

उन्हाळी_तूर
आपल्याकडं 45 फक्त मे महिन्यात पाऱ्याले 😂 पण खरं सांगतो, गरम हवा पातळ राहते, तवा बॉल थोडा जास्तच जाते.

बॅग_उचल्या
सात वर्षं कॅडी आहे, मास्तरांचं बरोबर पण ते आकडे तुह्यासाठी नाही. ज्याची स्विंग हळू त्याले अँगल जास्त लागते, 13-15 पर्यंत, नाहीतर बॉल लवकर बसते. अन् स्पिन जास्त झाली की बॉल पतंगासारखा वर वर जाते अन् तिथंच मरते, समोरून वारा असला तं विचारूच नको. वरतून खाली कुऱ्हाड मारल्यासारखा मारला की हेच होते. टी (बॉल ठेवायची खुंटी) थोडी उंच ठेव, बॉल डाव्या टाचेसमोर, अन् क्लब वर चढता चढता लागू दे, अँगल वाढते अन् स्पिन कमी होते. क्लबच्या फेसले (बॉलले लागते त्या बाजूले) खडूची पूड लावून पाय, ठसा मधातून थोडा वर पाहिजे. तुहा बहुतेक पार वरच्या कडेले लागला असंन, तो स्पिनचा दोष नाही बाप्पा, तुहा आहे.

गोफणवाला_समुद्रपूर
पूड लावून पायली. ठसा खरंच वरच्या कडेवरच होता, अर्धा तं फेसच्या बाहेर 😅 टी खाली करू का मंग? तुम्ही तं उंच म्हणता.

बॅग_उचल्या
उंचच. अर्धा बॉल क्लबच्या वर दिसला पाहिजे. खांदा पाडू नको फक्त.