प्रति: ग्राफिक्स भारी, बाकी जुनंच

'स्ट्रीट फायटर ६' या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये ग्राफिक्स सोडले तर नवीन काही नाही, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. नाही पटलं बुवा. ग्राफिक्स जबरदस्त आहेतच, 'रेसिडेंट ईव्हिल' गेमवालं आरई इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) आहे ते. पण खरी मजा लाइफ बारखालच्या (उरलेला जीव दाखवणाऱ्या पट्टीखालच्या) सहा हिरव्या खणांत आहे.

राउंड सुरू होताना हे ड्राइव्ह गेज पूर्ण भरलेलं असतं, म्हणून माणूस उधळपट्टी करतो. ओव्हरड्राइव्ह मूव्ह (स्पेशल मूव्हची, म्हणजे फायटरच्या खास फटक्याची, जास्त तगडी आवृत्ती) मारली की दोन खण गेले, चालू हल्ला तोडून ड्राइव्ह रश (झपकन पुढे धाव) घेतला की तीन. नुसते ब्लॉक करत बसलात तरी गेज झिजतंच. सगळं संपलं की बर्नआउट! मग ब्लॉक केलेली स्पेशल मूव्हसुद्धा थोडा जीव खाते, आणि भिंतीला पाठ लागलेली असताना ड्राइव्ह इम्पॅक्ट (समोरचा फटका झेलत मारलेला जोरदार दणका) ब्लॉक केलात तर स्टन, म्हणजे आपला फायटर सुन्न. पुढे समोरचा निवांत चोपतो.

इम्पॅक्टच्या वेळी उडणारे रंगाचे फवारेही नुसती सजावट नाहीत. ते दिसताक्षणी आपण उलट इम्पॅक्ट मारायचा, गेजमध्ये शिल्लक असेल तर.

आणि मॉडर्न कंट्रोलला (सोप्या बटणांच्या पद्धतीला) चीटिंग म्हणणाऱ्यांनो, एका बटणावर निघालेल्या स्पेशलचं डॅमेज २० टक्के कमी असतं, शिवाय काही साध्या लाथाबुक्क्या मिळतच नाहीत. फुकट काही नाही. (बटणं बडवून जिंकता येतं, पण अगदी खालच्या रँकमध्येच.)

ट्रेनिंग मोडमध्ये फ्रेम मीटर (फटक्यांचं टायमिंग दाखवणारी पट्टी) चालू करून बघा, आपला कोणता फटका ब्लॉक झाल्यावर आपण उघडे पडतो ते तिथे लगेच कळतं.