सॅन फ्रान्सिस्को : हातात दोन दिवस, सोबत आईचे गुडघे

नमस्कार मंडळी,
जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला जातोय. आम्हा सगळ्यांचीच पहिली खेप, आणि हातात जेमतेम दोन दिवस. आई ७२ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण सपाटीवर तासभर आरामात चालते. नकाशावर सगळं जवळजवळ दिसतंय, म्हणून पायीच फिरावं म्हणतो. की गाडी भाड्यानं घ्यावी? जाणकारांनी सांगावं.

---

नमस्कार,
नकाशावर विसंबू नका, हे अगदी कळकळीनं सांगते. आम्ही तिथे अकरा वर्षं काढली. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा ‘चारच तर ब्लॉक आहेत’ म्हणून मी त्यांना पॉवेल स्ट्रीटच्या चढावर पायी घेऊन निघाले. तिसऱ्या ब्लॉकला त्या कुणाच्या तरी घराच्या पायरीवर बसल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, “तू हो पुढे, मी येते सावकाश.” तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. नकाशात अंतर दिसतं, चढ दिसत नाही. म्हणून कुठेही जायचं ठरवलं की आधी बघा, वर नेणारं वाहन कोणतं आणि खाली आणणारं कोणतं. उतारही धरा हिशेबात. दुखऱ्या गुडघ्यांना तो चढापेक्षा जड जातो. टेकडीवरच्या कॉइट टॉवर या मनोऱ्याला ३९ नंबरच्या बसनं जा आणि तिनंच परत या. तिथून खाली उतरणाऱ्या फिल्बर्टच्या पायऱ्या सुंदर आहेत, पण आईंना त्या नकोत.

एक पूर्ण दिवस पाण्याकाठी द्या. एम्बार्काडेरोचा रस्ता सपाट आहे. फेरी बिल्डिंगपासून पिअर ३९ या धक्क्यापर्यंत रमतगमत जाता येतं, आणि दमलात तर जुन्या ट्रामची एफ लाइन त्याच रस्त्यानं जाते. पिअर ३९ च्या तराफ्यांवर सी लायन एकमेकांच्या अंगावर लोळत असतात, त्यांचा आरडाओरडा लांबूनच कानावर येतो. तिथे घाई करू नका.

अल्काट्राझची, म्हणजे खाडीतल्या जुन्या तुरुंगाच्या बेटाची तिकिटं आजच बघा, जुलैत आयत्या वेळी मिळणं कठीण. बोट पिअर ३३ वरून सुटते. बेटावर धक्क्यापासून तुरुंगापर्यंत जवळजवळ ४० मीटर चढ आहे, म्हणजे तेरा मजले चढल्यासारखं. ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी तिथे छोटी गाडी असते. बोटीतून उतरल्याबरोबर रेंजरना विचारा.

केबल कारसाठी (रोपवे नव्हे, रस्त्यातल्या रुळांवरून चढ चढणारी गाडी) पॉवेल आणि मार्केटच्या कोपऱ्यावर मोठी रांग लागते. त्यापेक्षा कॅलिफोर्निया स्ट्रीटची लाइन घ्या, ती एम्बार्काडेरो स्टेशनजवळूनच सुटते. पायरी उंच असते, आईंना आधी चढवून आत बसवा. गाडी यायच्या आधी रुळांमधल्या फटीकडे कान द्या. खालून केबल सतत खडखडत धावत असते, आणि गाडी चालवणारा ग्रिपमन लिव्हर ओढून तीच पकडतो. १८७३ पासून हे असंच चालत आलंय. बाबांना यंत्रांची आवड असेल तर मेसन स्ट्रीटवरच्या केबल कार म्युझियममध्ये ती केबल ओढणारी अजस्र चाकं फिरताना बघता येतात, तेही फुकट.

गाडी अजिबात नको. विमानतळावरून बार्ट या लोकल ट्रेननं थेट शहरात या.

---

वरच्या ताईंनी सगळं नेमकं सांगितलंय. माझी भर एवढीच, की स्वेटर आणि कानटोपी विसरू नका. आतल्या खोऱ्यात उन्हाळा तापला की समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या तोंडातून आत ओढली जाते आणि धुकं घेऊन येते. जुलैत सकाळी गोल्डन गेटचा पूल कित्येकदा दिसतच नाही. दुपारी बारा-एकच्या सुमारास २८ नंबरच्या बसनं जा. तासभर थांबायची तयारी ठेवा, धुकं विरळ झालं की आधी मनोऱ्यांची लाल टोकं दिसू लागतात.

---

ताई, काका, मनापासून आभार. गाडीचा बेत रद्द केला. अल्काट्राझची दुसऱ्या दिवशी सकाळची चार तिकिटं मिळाली. आईला त्या छोट्या गाडीबद्दल सांगितलं, तर म्हणाली, “मग मीही येते. मी तर बाकावर बसून तुमची वाट बघायची ठरवलं होतं.”