वासाची फुलं आणि फळंही देणारा वेल कोणता?

मातीतली: गच्चीवर जाळी बांधलीये, ऊन भरपूर. फुलांना वास पण हवा आणि खायला फळं पण, म्हणजे जाई-जुई बाद. पॅशनफ्रूट कुंडीत जमेल का, की नुसती पानंच बघत बसायचं?

पानवेडा: डोळे झाकून लावा. फूल आपल्या कृष्णकमळासारखंच, त्याच कुळातलं आहे ते, वास पण मस्त गोडसर. फक्त जात विचारून घ्या, जांभळ्या फळाची असेल तर बहुतेक वेळा एका वेलावर भागतं, पिवळीला मात्र दुसरा वेगळा वेल जवळ लागतो, एकाच वेलाच्या दोन कटिंग लावल्यात तर उपयोग शून्य.

उन्हातला भुंगा: +१. पिवळीचं फूल दुपारी उघडतं आणि रात्री मिटतं, त्यामुळे भुंगे फिरकत नसतील तर दुपारीच ब्रशने पराग उचला आणि दुसऱ्या वेलाच्या फुलात मधोमध जे तीन फाटे दिसतात ना, त्यांच्या टोकांना लावा. कुंडी मोठी घ्या, ड्रम असेल तर बेस्टच. नत्राचं खत जास्त झालं की पानंच पानं. फळ नव्या फुटव्यावर येतं, सो फळांचा बहर संपला की छाटा, जीव खालीवर करू नका. किवीच्या नादी लागू नका, नर-मादी वेल वेगळे आणि वर थंडी हवी.

मातीतली: भारी! पिकलं कसं कळतं?

पानवेडा: तोडायचंच नाही, पिकलं की आपसूक गळतं. फुलानंतर साधारण ६० ते ८० दिवस. सालीला सुरकुत्या पडू द्या, आंबटपणा कमी होतो.