जपानी कंपनीत मरमर काम करतात की नुसती जबाबदारी टाळतात?

निशिकासाईकर
जपानबद्दल मराठीत वाचायला मिळतं ते दोनच प्रकारचं. एक तर ट्रेन सेकंदावर येते, मुलं शाळा झाडतात वगैरे भारावलेलं. नाहीतर 'कारोशी', म्हणजे कामाने माणसं मरतात तो देश. तोक्योत बरीच वर्षं निव्वळ जपानी कंपन्यांत सॉफ्टवेअरचं काम केल्यावर माझं मत तिसरंच झालंय. इथे तास जास्त भरतात ते काम जास्त असतं म्हणून नाही. निर्णयाचं खापर कोणा एकाच्या डोक्यावर फुटू नये म्हणून जी कसरत चालते, तिचे ते तास असतात.

आमच्या टीमला टेस्टिंगचं एक टूल घ्यायचं होतं. किंमत किरकोळ. आधी 'नेमावाशी': ज्याची ज्याची हरकत येऊ शकते त्याला एकेकट्याला गाठून पटवायचं. शेजारच्या विभागाचा काचो (सेक्शनचा साहेब) दोनदा "बघूया" म्हणाला. मग 'रिंगी': प्रस्ताव खालून वर टेबलाटेबलावरून फिरतो आणि प्रत्येक जण आपला हान्को, म्हणजे शिक्का, मारतो. २०२० मध्ये मंत्री कोनो तारो यांनी सरकारी कागदांवरचे शिक्के हटवायची मोहीम काढली, त्यानंतर आमच्याकडेही सगळं ऑनलाइन झालं. म्हणजे काय, तर शिक्क्याचं चित्र पीडीएफवर उमटायला लागलं. टेबलं तेवढीच. शेवटी मीटिंग झाली. तिच्यात एकानेही प्रश्न विचारला नाही, कारण ठरायचं ते आधीच ठरलेलं. टूल हातात आलं तेव्हा ज्या प्रोजेक्टसाठी ते हवं होतं तो संपत आला होता. आणि या सगळ्यात माझे जे झांग्यो (ओव्हरटाइम) झाले त्यात मी कोडची एक ओळ लिहिली नाही.

पुण्यात एन-३, एन-२ च्या (जपानी भाषेच्या परीक्षेच्या पातळ्यांच्या) मागे लागलेल्या मुलांना माझा सल्ला: जपानला जरूर या, पण जपानी कंपनीत नको. गाइशिकेइ, म्हणजे परदेशी कंपनीचं इथलं ऑफिस, गाठा.

मिकावाचा मावळा
काहीही! एका ऑफिसवरून अख्खा देश निकालात काढलात. मी इथल्या आइची प्रांतात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, आधी चाकणला होतो. चाकणला निर्णय पाच मिनिटांत व्हायचा, साहेब म्हणेल तो. पुढचे तीन महिने आम्ही तो निस्तरत बसायचो. इथे साच्यात बारीकसा बदल करायचा तरी लाइनवरच्या माणसाला विचार, मेंटेनन्सला विचार, क्वालिटीला विचार. डोकं उठतं, नाही म्हणत नाही. पण बदल लागू झाला की "मला कोणी सांगितलंच नव्हतं" हे वाक्य ऐकू येत नाही.

आणि जबाबदारी टाळतात म्हणता? आमच्या लाइनवर काल लागलेलं पोरगंसुद्धा दोरी ओढून गडबड कळवू शकतं. दिवा लागतो, टीम लीडर पळत येतो आणि पहिला प्रश्न "काय दिसलं?" असतो, "कोणी केलं?" नसतो. वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. चाकणला लाइन थांबवली असती तर त्या पोराची खैर नव्हती.

निशिकासाईकर
कारखान्याचं मान्य. तिथे चूक डोळ्यांना दिसते. ऑफिसात ती दोरी कुठे असते तेवढं दाखवा.

कावासाकीची काकू
मला दोघांचंही पटत नाहीये, पण निशिकासाईकरांचा सल्ला जास्त खटकला. गाइशिकेइमध्ये जा म्हणणं सोपं आहे. माझा नवरा तिथेच होता. एका दुपारी बोलावून पॅकेज पुढे ठेवलं, सही करा म्हणाले. जपानी कायद्यात सबळ कारणाशिवाय कामावरून काढलं तर ते रद्दबातल ठरतं, म्हणून काढत नाहीत, तुम्हीच राजीनामा दिलात असं करून घेतात. आपण परदेशी. नोकरी सुटली की १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं, आणि कामाच्या व्हिसावर तीन महिने काहीच काम नसेल तर व्हिसा रद्द होऊ शकतो. त्या काळात घरात काय वातावरण होतं ते विचारू नका. तेव्हा घर चाललं ते माझ्या रटाळ जपानी कंपनीवर.

त्याच कंपनीने मला बाळंतपणानंतर सहा तासांचा दिवस दिला. उपकार नव्हेत, मूल तीन वर्षांचं होईपर्यंत तो कायद्याने हक्क आहे. पगार त्या मानाने कापतात. चारला उठते, "ओसाकि नि शित्सुरेइ शिमासु" (तुमच्या आधी निघते, माफ करा) म्हणते, निघते. कोणी वाकडं बघत नाही. पाळणाघरातून "३७.५ ताप आहे, घेऊन जा" असा फोन आला की शेजारचे ओजीसानच (काकाच) माझी फाइल ओढून घेतात. अशा वेळी त्यांना काम समजावत बसावं लागत नाही, कारण ते आधीच दहा जणांना माहीत असतं. तुमच्या त्या नेमावाशीचीच कृपा!

फक्त हाकेन
तुम्ही तिघंही सेइशाइन आहात, पक्की नोकरीवाले, म्हणून हा वाद परवडतो. या देशातले नोकरदार तिघांत एकाहून जास्त कच्च्या नोकरीत आहेत: कंत्राटी, अर्धवेळ, नाहीतर माझ्यासारखे हाकेन. पगार एजन्सी देते, बसतो मी क्लायंटच्या ऑफिसात. मला नेमावाशीत कोणी विचारत नाही आणि रिंगीत माझा रकाना नाही. मुदतीच्या करारावरच्या हाकेनना सहसा एका विभागात तीन वर्षांहून जास्त ठेवता येत नाही. नियम आमच्या भल्यासाठी आहे म्हणे. प्रत्यक्षात तीन वर्षं भरत आली की निरोपाचा केक येतो. आपली किती तरी मुलं व्हेंडरमार्फत अशीच येतात आणि गावाकडे सांगतात, अमुक कंपनीत लागलो.

पहाटेचा कोथरूडकर
मी पुण्यात बसून जपानी क्लायंट सांभाळतो. त्यांचे नऊ म्हणजे आमचे साडेपाच, त्यामुळे पहिला कॉल दूधवाल्याच्या आधी. निशिकासाईकरांच्या बाजूने एवढंच सांगतो की त्यांची नेमावाशी दोन महिने चालते, पण डिलिव्हरीची तारीख एक दिवस हलत नाही. ते दोन महिने आमच्या रात्रींतून वसूल होतात.

मिकावाचा मावळा
हे मात्र खरं आहे. सप्लायर म्हणून आम्हीही तेच भोगतो.

कावासाकीची काकू
तासांबद्दल अजून एक. २०१५ मध्ये डेन्त्सू या जाहिरात कंपनीतल्या २४ वर्षांच्या मुलीने कामाच्या ताणाने जीव दिला. २०१७ मध्ये कोर्टाने कंपनीला दंड केला पाच लाख येन. एवढ्या मोठ्या कंपनीला! पण त्या प्रकरणाने देश हलला, आणि २०१९ पासून ओव्हरटाइमला महिन्याला ४५ तास आणि वर्षाला ३६० अशी मर्यादा आली. खास गरज दाखवली तरी वर्षाला ७२० च्या वर नाही, कुठल्याही महिन्यात १०० च्या आत. वर्षाला किमान पाच रजा देणंही मालकावर बंधनकारक झालं. आमच्याकडे आता ठरल्या वेळेला संगणक आपोआप बंद होतात.

निशिकासाईकर
संगणक बंद होतात हो. मग लोक घरी जाऊन फोनवर नेमावाशी करतात. ती हजेरीत कुठे दिसते?

सातारा टू साइतामा
मोठ्यांच्या वादात मध्ये बोलतो. ऑफर आली आहे, जपानी कंपनी, मध्यम आकाराची. पत्रात "४५ तासांच्या मिनाशी झांग्योसह" असा पगार लिहिलाय. हे चांगलं की वाईट?

कावासाकीची काकू
त्या आकड्यात ४५ तासांचा ओव्हरटाइम आधीच धरलाय. तेवढा केला नाहीस तरी पगार कापता येत नाही. वर गेला तर जादा पैसे द्यावेच लागतात: किमान सव्वापट, महिन्यात ६० तासांच्या पुढे दीडपट. मूळ पगार किती आणि त्यात ओव्हरटाइमचे किती, हे पत्रात वेगळं लिहिलेलं असायला हवं. नसेल तर ईमेलवर माग, फोनवर नको. आणि बोनस बहुधा मूळ पगारावर ठरतो, तेव्हा तो मूळ आकडा बघ.

निशिकासाईकर
धरलेले तास वसूल करायचा मोह प्रत्येक साहेबाला होतो. मी तर नाही म्हणेन.

मिकावाचा मावळा
मी घे म्हणेन. पण हातात किती पडणार याचा हिशोब पहिल्या वर्षावरून करू नकोस. रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो, नवीन माणसाला तो दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून कापायला लागतात. आमच्याकडची दोन पोरं त्या जूनमध्ये पगाराची चिठ्ठी घेऊन भांडायला एचआरकडे गेली होती.